फॉरमॅट मारायचा की नाही? लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय (मखमलाबाद, नाशिक)

मखमलाबादकर | ८ जानेवारी २०२६, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मखमलाबाद शिवारात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि तिची कागदपत्रं मी बघते. फवारणीच्या नोंदी, मजुरीचा हिशोब, निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी, रेसिड्यू (मालात उरलेले औषधाचे अंश) तपासणीचे अहवाल, सगळं एकाच लॅपटॉपवर. भावकीतल्या चार घरांचंही त्यातच आहे. लॅपटॉप २०२१ साली घेतला, विंडोज १० आहे.

दिवाळीपासून नेट जातंय. कधी खाली कोपऱ्यातली वायफायची खूणच नाहीशी होते आणि पृथ्वीचा गोल दिसायला लागतो. कधी खूण पूर्ण भरलेली असते, पण एक पान उघडेल तर शपथ. पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतं. त्याच खोलीत, त्याच वायफायवर फोन मात्र व्यवस्थित चालू असतो. काल निर्यातदाराला चार प्लॉटच्या नोंदी पाठवत होते, दोन गेल्या आणि नेट गेलं. माल पंधरा-वीस दिवसांत काढणीला येतोय, आता हे अंगावर काढणं जमणार नाही.

दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, "ताई, फॉरमॅट मारावा लागेल, आठशे रुपये." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. मारू का? आणि मारला तर हे जाईलच याची काही खात्री?

सिडकोकर | ८ जानेवारी, रात्री १०.४१

मारून टाका. माझ्या मुलाच्या लॅपटॉपला अगदी हेच होत होतं. मीच घरी बसून फॉरमॅट मारला, दोन तासांत मोकळा झालो. वर्ष होऊन गेलं, एक तक्रार नाही. चार-पाच वर्षांत विंडोजमध्ये काय काय साठतं, ते शोधत बसण्यापेक्षा नवं टाकणं सोपं.

पाना_पक्कड | ८ जानेवारी, रात्री ११.०५

ताई, दोन दिवस थांबा. अंबड एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क मी चौदा वर्षं सांभाळतोय. सिडकोकर म्हणतात त्याप्रमाणे फॉरमॅटने बरं होणारी दुखणी आहेतच. पण तुमचं त्यातलं आहे की नाही, हे फुकटात कळू शकतं, मग आंधळेपणाने कशाला पुसायचं?

नेट चार टप्प्यांनी येतं. लॅपटॉप ते राउटर. राउटर ते बाहेरची लाइन. मग साइटच्या नावावरून तिचा आकड्यातला पत्ता शोधणारा डीएनएस. आणि शेवटी ती साइट. यातला कुठलाही टप्पा तुटला तरी आपण म्हणतो, "नेट गेलं."

आता हे करा. स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, काळी खिडकी उघडेल. त्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, तो तुमच्या राउटरचा पत्ता. कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी नेट गेलं की राउटर बंद-चालू न करता लगेच तीन वेळा पिंग करायचं (त्याच खिडकीत पिंग लिहून पुढे पत्ता, समोरचा उत्तर देतो का ते कळतं): आधी राउटरचा पत्ता, मग ८.८.८.८ (हा गूगलचा डीएनएस, कायम जागा असतो), मग कुठल्याही साइटचं नाव.

राउटरच उत्तर देत नसेल तर भानगड लॅपटॉप आणि राउटरच्या मध्येच. राउटर बोलतो आणि ८.८.८.८ बोलत नाही, तर लाइन गेलेली, आणि मग फोनही बंद पडायला हवा. दोन्ही बोलतात आणि फक्त नाव चालत नाही, तर डीएनएस. आणि आयपीकॉन्फिगमध्ये तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, लॅपटॉपने आपल्या मनाने घेतलाय.

दोन दिवसांची नोंद वहीत ठेवा. फवारणीची ठेवता तशीच, वेळ घालून.

वाड्यातला | ९ जानेवारी, सकाळी ७.५०

पंचवटीत जुन्या वाड्यात राहतो, भिंती दीड-दोन फुटांच्या. आमच्याकडे राउटर ओटीवर आणि लॅपटॉप माजघरात, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मध्येच मरायचा. २.४ वर टाकलं तर लांब पोचतो, पण तिथे आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटर आपल्या मनाने भलताच निवडून बसला होता, मी ११ ला बांधून ठेवला तेव्हा शांतता झाली. ताईंचा फोन त्याच जागी नीट चालतो म्हणजे हे कारण नसावं. तरी लॅपटॉप एकदा राउटरशेजारी ठेवून बघा.

मखमलाबादकर | १० जानेवारी, रात्री ९.३०

दोन्ही दिवस नोंद ठेवली. राउटरशेजारी बसूनही गेलं, म्हणजे भिंतीचा प्रश्न नाही.

एकूण सात वेळा गेलं. चार वेळा राउटरच बोलला नाही, वायफायची खूणही गेलेली. तीन वेळा राउटर बोलला, ८.८.८.८ बोललं, पण नाव टाकलं की 'कुड नॉट फाइंड होस्ट'. १६९.२५४ एकदाही दिसलं नाही. दादा, हे दोन प्रकार का दिसतायत? माझ्या हातून लिहिताना काही चुकलं का?

पाना_पक्कड | १० जानेवारी, रात्री ९.५२

काहीच चुकलं नाही, फार चांगली नोंद ठेवलीत. तुमच्या लॅपटॉपला दोन वेगळी दुखणी एकाच वेळी झालीत आणि दोन्हींना आपण एकच नाव देत होतो. म्हणून कुठलाही उपाय केला की अर्धा गुण येतो आणि अर्धा येत नाही.

डीएनएसवालं आधी बघू, ते सोपं. आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून स्लॅश ऑल. त्यात 'डीएनएस सर्व्हर्स'समोर काय आहे?

मखमलाबादकर | १० जानेवारी, रात्री १०.०४

१२७.०.०.१

पाना_पक्कड | १० जानेवारी, रात्री १०.१५

सापडलं. १२७.०.०.१ म्हणजे लॅपटॉप स्वतः. नावाचा पत्ता तो बाहेर विचारतच नाही, स्वतःलाच विचारतो. असं करणारी काही सॉफ्टवेअर असतात: व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं), जाहिराती अडवणारी, काही अँटीव्हायरस. ती मध्ये बसून उत्तरं देतात. त्यांचा उरलेला तुकडा अधूनमधून आडवा पडला की नावं सापडत नाहीत, आणि तो पुन्हा उठला की आपोआप सुरू होतं. पूर्वी असं काही टाकून काढलं होतं का?

मखमलाबादकर | १० जानेवारी, रात्री १०.३३

हो. दोन वर्षांपूर्वी भाच्याने एक फुकटचं व्हीपीएन टाकलं होतं, नंतर काढलं. आता प्रोग्रॅमच्या यादीत ते नाही.

पाना_पक्कड | १० जानेवारी, रात्री १०.५०

यादीतून गेलं तरी त्याची सर्व्हिस, म्हणजे मागे न दिसता चालणारा भाग, राहिलेली असणार. आधी नेटवर्क रीसेट करा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात सगळ्यात खाली नेटवर्क रीसेट. सगळे नेटवर्क ॲडाप्टर काढून पुन्हा बसवले जातात. साठवलेले वायफायचे पासवर्ड जातात, तेवढे जवळ लिहून ठेवा. फाइलींना काही होत नाही.

निफाडची_लेक | ११ जानेवारी, सकाळी ६.४०

ताई, फॉरमॅटपर्यंत वेळ आलीच तर माझं ऐका. गेल्या वर्षी आमचा लॅपटॉप शहरातल्या एका दुकानात दिला होता. मी तीनदा सांगितलं, डी ड्राइव्हला हात लावू नका, त्यात बागेची सहा वर्षांची नोंद आहे. त्यांनी सगळे भाग काढून एकच सी करून दिला. परत आणला तेव्हा पडदा स्वच्छ होता, सासऱ्यांच्या हातच्या नोंदींचे स्कॅन गेले होते. सासरे त्याच्या चार महिने आधी गेले. ते कागद आता कुठेच नाहीत.

दुकानदारावर भरवसा असो नसो, आधी बाहेरच्या डिस्कवर नक्कल घ्या. ती दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइली उघडून बघा. मगच लॅपटॉप कोणाच्या हातात द्या.

पाना_पक्कड | ११ जानेवारी, सकाळी ८.१०

निफाडच्या ताई, वाचून वाईट वाटलं. सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं: एकाच डिस्कचे सी आणि डी हे एका खोलीत पडदा लावून केलेले दोन भाग. डीमधली नक्कल म्हणजे बॅकअप नाही. डिस्क गेली तर दोन्ही जातात.

मखमलाबादकर | ११ जानेवारी, दुपारी १.१५

नेटवर्क रीसेट केलं. सकाळपासून डीएनएस राउटरचा दिसत होता, आता मशीन बंद करून चालू केलं तर परत १२७.०.०.१. दुसरा प्रकार (खूणच जाणं) सकाळपासून दोनदा झाला.

देवळालीकर | ११ जानेवारी, दुपारी २.००

पुसण्याआधी एक चाचणी सुचवतो. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. विचारलं की 'ट्राय' निवडायचं, 'इन्स्टॉल'ला हात लावायचा नाही. सगळं मेमरीत चालतं, तुमच्या विंडोजला धक्का लागत नाही. तिथेही वायफाय तुटलं तर विंडोज नवं टाकून उपयोग नाही, दोष वायफायच्या कार्डात किंवा आसपास. तिथे नीट चाललं तर दोष विंडोजमध्ये. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं.

पाना_पक्कड | ११ जानेवारी, दुपारी २.२०

उत्तम सूचना. फक्त त्याआधी बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं ते कुलूप) रिकव्हरी की हाताशी ठेवा. ४८ आकड्यांची असते, मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून आपल्या मशीनखाली मिळते. डिस्क कुलूपबंद असेल आणि मशीन दुसरीकडून सुरू केलं, तर परत विंडोजवर येताना कधी कधी ती विचारतात. की नसेल तर आतलं काही उघडणार नाही. कागदावर उतरवून कपाटात ठेवा, लॅपटॉपमध्येच ठेवलेली की कामाची नाही.

मखमलाबादकर | १२ जानेवारी, रात्री ८.४५

उबुंटू चालवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून अडीच तास. एकदाही तुटलं नाही, नावंही सगळी सापडली. रिकव्हरी की उतरवून ठेवली होती, विचारली नाही.

म्हणजे दोन्ही दोष विंडोजमध्येच ना? मग मी फॉरमॅटचा निर्णय घेते. ते व्हीपीएनचं उरलेलं शोधून काढण्यापेक्षा स्वच्छ टाकलेलं बरं. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला असं वाचलं, तर ११ च टाकावं म्हणते. घरीच करीन. काय तयारी करू?

पाना_पक्कड | १२ जानेवारी, रात्री ९.३०

चाचणीवरून तसंच दिसतंय. निर्णय बरोबर आहे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. २०२१ चं मशीन बहुधा बसेल, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून खात्री करा. लायसन्सच्या आकड्यांची चिंता नको. कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या मशीनची की मदरबोर्डमध्येच असते, नेट मिळालं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानात 'की'चे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

मशीनमध्ये 'रीसेट धिस पीसी'ही आहे, त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर फाइली राहतात आणि बसवलेले प्रोग्रॅम जातात. घाईच्या वेळी तेही चालतं. पण तुम्हाला ११ वर जायचंच आहे, तर पेनड्राइव्हवरून कोरं टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल आहे, ते ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून देतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण लोक इथेच अडकतात. विंडोज ११ होम सुरुवातीलाच नेट मागतं, त्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि कोऱ्या विंडोजला तुमचं वायफाय कार्ड ओळखता आलं नाही तर वायफायची यादीच रिकामी दिसते. नेट नाही म्हणून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवता येत नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. त्यावर दोन तोडगे. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. आणि तोही चालला नाही तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला ते तारेचं नेट वाटतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

अनुस्वार | १२ जानेवारी, रात्री १०.१०

सुनबाई, मी कॉलेज रोडला तीस वर्षं टायपिंग आणि छपाईपूर्व काम करतो. तुमच्या मराठी फाइली कुठल्या फाँटमध्ये आहेत ते आधी बघा. फॉरमॅटनंतर माझ्याकडे रडत येणारी माणसं याच एका गोष्टीसाठी येतात.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर खरं तर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फाँट त्याला मराठी रूप देतो. फाँट गेला की तीच फाइल उघडल्यावर भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात आणि माणूस समजतो फाइल बिघडली. फाइल शाबूत असते. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरची अख्खी नक्कल घ्या. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा परवाना आणि डाँगलही (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) शोधून ठेवा.

युनिकोडमध्ये (फोनवर टाइप करतो तशा खऱ्या मराठी अक्षरांत) लिहिलेलं असेल तर भीती नाही. पण एक बारकी गोष्ट: नव्या विंडोजमध्ये मंगल फाँट सुरुवातीपासून असेलच असं नाही, तो देवनागरीच्या जादा फाँटांमध्ये गेलाय. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून घ्यावा लागतो, किंवा मराठी भाषा जोडली की येतो. तोवर मजकूर निर्मला फाँटमध्ये दिसेल आणि पानांची मांडणी थोडी हलेल. घाबरू नका.

सिडकोकर | १२ जानेवारी, रात्री १०.२५

काका, हे मला माहीत नव्हतं. मुलाच्या लॅपटॉपवर मराठी काही नव्हतं म्हणून निभावलं. ताई, डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचाही ड्रायव्हर जातो, आणि टॅली असेल तर डेटा फोल्डर वेगळं घ्या. आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड.

मखमलाबादकर | १५ जानेवारी, दुपारी ४.००

तिळगूळ घ्या, गोड बोला, उशिराने का होईना.

तेरा तारखेला रात्री जेवणं झाल्यावर बसले. आधी दीरांच्या डिस्कवर नक्कल घेतली, त्यांच्या मशीनवर लावून पाच फाइली उघडून बघितल्या, दोन अहवाल, तीन वह्या. फाँट्सचं फोल्डर घेतलं. मग पेनड्राइव्ह लावला.

दादा, तुम्ही म्हणालात तेच झालं. नेटवर्क निवडायचा पडदा आला आणि यादी रिकामी. आधी माहीत नसतं तर रात्री अकरा वाजता मी तिथेच डोक्याला हात लावून बसले असते. फोन केबलने जोडला, टेदरिंग चालू केलं, दहा सेकंदांत पडद्यावर इथरनेट जोडलं गेल्याचं दिसलं आणि पुढचं बटण उजळलं. सगळं मिळून दीड तास लागला, ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. नंतर पेनड्राइव्हवरचा वायफायचा ड्रायव्हर टाकला, डीएनएस आता राउटरचा दिसतो आणि चार वेळा बंद-चालू करूनही तोच राहिला. नावं न सापडणं पूर्ण थांबलं.

पण खूण नाहीशी होणं गेलेलं नाही. काल संक्रांतीच्या दिवशी तीनदा झालं. मला खूप वाईट वाटलं, एवढं सगळं नीट करून.

पाना_पक्कड | १५ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

वाईट वाटून घेऊ नका, अर्धं दुखणं कायमचं गेलंय. उरलेल्यासाठी दोन गोष्टी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवायला हे बंद करू द्यावं का, अशी खूण असते, ती काढा. आणि सीएमडी ॲडमिन म्हणून उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' चालवा. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं, कारण काय, सगळं वेळेसकट निघतं. तुटल्याच्या वेळा तुमच्या वहीशी लावा आणि त्या वेळी तुम्ही काय करत होतात ते आठवा.

मला उबुंटूची चाचणी खटकते आहे. तिथे अडीच तास तुटलं नाही आणि कोऱ्या विंडोजवर तुटतं. दोन्हींत काहीतरी वेगळं होतं.

मखमलाबादकर | १७ जानेवारी, रात्री ११.२०

सापडलं!

पॉवरची खूण काढून काही फरक पडला नाही. रिपोर्टमधल्या वेळा बघितल्या तर बहुतेक रात्री नऊनंतरच्या आणि दुपारी दोनच्या आसपासच्या. त्या वेळी मी पलंगावर बसून काम करते, पाय लांब करून, आणि पडदा मागे ढकललेला असतो. उबुंटू चालवलं तेव्हा लॅपटॉप टेबलावर होता, पडदा सरळ.

म्हणून आज पलंगावरच बसले. काळी खिडकी उघडून राउटरला पिंग लावलं, शेवटी डॅश टी लिहिलं की ते थांबत नाही, सेकंदाला एक ओळ येत राहते. मुलाला म्हटलं, तू फक्त एका बोटाने पडदा हळूहळू मागे ने. मी ओळी बघत राहिले. रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय. पडदा साधारण खाटेच्या तक्क्याइतका कलला आणि ओळ बदलली, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. पुन्हा तेच. कोपऱ्यातली खूण गेली. त्याने दोन बोटं पुढे आणला, आठ-दहा सेकंदांत परत रिप्लाय. आम्ही हे नऊ वेळा केलं, नऊही वेळा त्याच जागी. आणि आणखी एक, त्याच क्षणी ब्लूटूथचा माऊसही अडखळायचा. हे मी दोन महिने बघत होते आणि मला वाटायचं माऊसचा सेल संपत आलाय.

पाना_पक्कड | १८ जानेवारी, सकाळी ७.००

ताई, शाब्बास. याहून चांगली चाचणी मलाही सुचली नसती.

बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायचा अँटेना पडद्याच्या कडेत असतो आणि कार्ड खाली कीबोर्डच्या पोटात. दोघांना जोडणाऱ्या दोन बारीक तारा, सहसा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून जातात. रोज उघड-मिट होऊन तार तिथे घासते, किंवा कार्डावरचं बोटाच्या नखाहून लहान असं गोल टोपण सैल होतं. ब्लूटूथ आणि वायफाय बऱ्याचदा एकाच कार्डावर आणि त्याच अँटेन्यावर असतात, म्हणून माऊस. दोन तारा असल्यामुळे एक दुखावली तरी नेट पूर्ण बंद पडत नाही, कमकुवत होऊन ठराविक जागी तुटतं. विंडोज दहादा बदललं असतं तरी हे गेलं नसतं.

काढणी तोंडावर आहे तर तोवर पडदा सरळ ठेवून काम करा, किंवा राउटरपासून लॅनची केबल ओढा. छोटा यूएसबी वायफाय डाँगलही चालेल.

वाड्यातला | १८ जानेवारी, सकाळी ९.१५

मी आत्ताच माझा लॅपटॉप असा हलवून बघितला. तुटत नाही, पण आता तपासायचं कळलं. दुरुस्तीला देताना त्यांना व्हिडिओ दाखवा, नाहीतर टेबलावर सरळ ठेवून "चालतंय की" म्हणून परत देतील.

मखमलाबादकर | १९ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

व्हिडिओ काढूनच नेला. या वेळी दुसरा दुरुस्तीवाला धरला, मूळ येवल्याचा. संक्रांतीचे तीन दिवस पतंगांसाठी गावी गेला होता, म्हणून आज भेटला. व्हिडिओ बघून त्याने काही विचारलं नाही, माझ्यासमोर खालचं झाकण आणि मग पडद्याची कड उघडली. काळ्या तारेचं वरचं आवरण बिजागरीजवळ सोललेलं होतं आणि आतली जाळी तुटून केसासारखी बाहेर आलेली, नखभर जागा. बोटाने दाबली की त्याच्या मशीनवरचे सिग्नलचे दांडे वर चढत होते, सोडली की उतरत होते. अँटेन्याची नवी तार टाकली, बिजागरीजवळ थोडा ढिलावा ठेवून कापडी टेप लावली. नऊशे रुपये झाले. जुनी तार त्याने माझ्या हातात दिली.

तासभर पिंग लावून पडदा पुढे-मागे केला. एक ओळ चुकली नाही. चारही प्लॉटच्या नोंदी पाठवल्या.

देवळालीकर | १९ जानेवारी, रात्री ८.०५

फार छान झालं ताई. माझ्या चाचणीत मी एक सांगायला विसरलो, ते आता लिहून ठेवतो: उबुंटूवर बघताना लॅपटॉप ज्या जागी, ज्या स्थितीत बिघडतो त्याच स्थितीत ठेवायचा. मांडीवर तर मांडीवर, चार्जर लावून तर लावून.

निफाडची_लेक | १९ जानेवारी, रात्री ९.००

आनंद झाला. आणि नक्कल सुखरूप आहे ना?

मखमलाबादकर | १९ जानेवारी, रात्री ९.१२

आहे ताई, तुमच्यामुळे. डिस्क मी दीरांकडेच ठेवली आहे, दर रविवारी नवं भरून परत देणार. सगळ्या फाइली नीट उघडल्या, फक्त मजुरीच्या तीन जुन्या वह्या अजून इंग्रजी अक्षरांत दिसतात. अनुस्वार काका, फाँट्सचं फोल्डर घेतलं होतं, त्यातले सगळे परत टाकून बघितले, तरी नाही.

अनुस्वार | १९ जानेवारी, रात्री ९.४०

सुनबाई, मग त्या वह्या तुमच्या मशीनवर लिहिलेल्याच नसाव्यात, कोणाकडून तरी आल्या असतील आणि तो फाँट तुमच्याकडे कधी नव्हताच. एका फाइलमधली पहिली दोन वाक्यं जशी दिसतात तशी मला निरोपात पाठवा, नावं आणि रकमा वगळून. 'आहे' आणि 'नाही' हे शब्द कुठल्या अक्षरांत दिसतात त्यावरून फाँट ओळखता येतो. मग युनिकोडमध्ये बदलून देतो.

मखमलाबादकर | १९ जानेवारी, रात्री ९.५५

पाठवलं काका.